खणातली साधनं

नोव्हेंबर 2023 मध्ये मी जुनी गाडी शोधत होतो. नाशिकहून सिन्नरला कॉलेजात जायचं, जाऊन-येऊन रोजचे 60 किलोमीटर, वाटेत मोहदरी घाट. महिन्याचे 24 दिवस धरले तर 1,440 किलोमीटर होतात. लिटरला 19 देणारी गाडी असेल तर 76 लिटर पेट्रोल लागतं, 15 देणारी असेल तर 96. लिटरचा भाव तेव्हा शंभराच्या पुढे होता. म्हणजे गाडी निवडताना चूक झाली, तर महिन्याला 2 हजारांवर पाणी सोडायचं, आणि तेही दर महिन्याला. म्हणून गाडी दिसते कशी यापेक्षा ॲव्हरेज किती देते आणि आजवर खरोखर किती पळाली, एवढेच दोन प्रश्न मी धरून बसलो होतो.

मी इतिहास शिकवतो. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, तारीख नसलेल्या पत्राचा काळ कसा ठरवायचा, हे मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. तीच रीत दोन गाड्यांच्या कागदांना लावायची वेळ आली. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो. मालकांची आणि विक्रेत्याची नावं दिलेली नाहीत.

पहिली गाडी चंदेरी हॅचबॅक. जून 2014 चं पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर 48,600. गाडी एका विक्रेत्याकडे उभी होती. पॉलिश मारलेलं, सीट कव्हर नवीन, आत अत्तराचा वास. त्याने आरसी आणि चालू विमा दाखवला. मी डॅशबोर्डचा खण उघडला. आत मॅन्युअल होतं, त्याच्या पानांत दोन जुन्या विमा पॉलिसी आणि सर्व्हिसच्या बिलाचा एक फाटका तुकडा घडी घालून ठेवलेला होता. सर्व्हिस बुक नव्हतं. विक्रेत्याने गाडी धुतली, पण मॅन्युअलची पानं उलटली नव्हती.

आधी त्या तुकड्याबद्दल. बिलाचा वरचा भाग गेलेला होता. त्याच्याबरोबर तारीख आणि गाडीचा नंबरही गेला. उरला होता खालचा दोन तृतीयांश भाग. हे बिल याच गाडीचं कशावरून? उजव्या कडेला चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे वाचता येत होते, आणि ते आरसीवरच्या आकड्यांशी जुळले. काळ कसा ठरवायचा? बिलात सुट्या भागांवर सीजीएसटी 14 टक्के आणि एसजीएसटी 14 टक्के लावलेला होता, मजुरीवर 9 आणि 9. जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 रोजी. त्याआधीच्या बिलांवर व्हॅट आणि सेवाकर वेगळे दिसतात, आणि 2016-17 च्या बिलांवर स्वच्छ भारत उपकर आणि कृषी कल्याण उपकर अशा दोन बारीक ओळीही असतात. तेव्हा हे बिल जुलै 2017 नंतरचं, एवढं नक्की.

आता मुख्य गोष्ट. तुकड्यावर मीटरचं वाचन छापलेलं होतं : 71 हजार चारशे आणि काही. शेवटचे दोन आकडे घडीत पुसले गेले होते. छपाईत चूक झाली असेल, 7 च्या जागी 4 हवा असेल, अशी शंका घ्यायला जागा होती. पण खाली 'पुढील सर्व्हिस' या रकान्यात 81 हजार लिहिलेलं होतं. 10 हजारांवर सर्व्हिस हा नेहमीचा हिशेब. दोन वेगळ्या जागचे आकडे एकमेकांना धरून होते. शिवाय कामात क्लच प्लेट बदलल्याची नोंद होती, आणि ती 71 हजारांना शोभणारी होती. याचा अर्थ, जी गाडी 2017 नंतर कधीतरी 71 हजारांवर होती, ती 2023 मध्ये 48 हजारांवर उभी होती. काटा मागे घेतला होता. खरं रनिंग किती, हे सांगणारा एकही कागद त्या खणात नव्हता.

पॉलिसींनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती वाचायला मला जरा वेळ लागला. विम्यात 'नो क्लेम बोनस' असतो. वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी 20 टक्के सवलत, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. क्लेम घेतला की ती शून्यावर येते. जून 2018 च्या पॉलिसीवर 45 टक्के होते. 2014 पासूनची चार वर्षं क्लेमविना गेली, तर हाच आकडा येतो. दुसरी पॉलिसी जून 2020 ची. तिच्यावर 20 टक्के. मधली 2019 ची पॉलिसी हरवलेली. पण 2020 ला 20 असतील, तर 2019 ला शून्य असायला हवेत, म्हणजे जून 2018 ते जून 2019 या वर्षात क्लेम झाला.

इथे थांबून दुसऱ्या शक्यता तपासायला हव्यात. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली की नव्या मालकाची सुरुवात शून्यापासून होते. पण आरसीनुसार गाडी दुसऱ्या मालकाच्या नावावर चढली 2021 मध्ये, म्हणजे ही शक्यता गेली. विमा संपून 90 दिवसांच्या वर गेले तरी बोनस जातो. तसं झालं असतं तर पॉलिसीची सुरुवातीची तारीख पुढे सरकली असती. 2018 आणि 2020 या दोन्ही पॉलिसी जूनमधल्या एकाच तारखेला सुरू झालेल्या होत्या. राहता राहिला क्लेम. मग बॉनेट उघडून पाहिलं. डावा हेडलाइट वयाप्रमाणे पिवळट पडलेला, उजवा स्वच्छ पांढरा. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला, म्हणजे तिथे कधीतरी पाना लागला होता. गाडी पुढून उजवीकडे ठोकलेली होती. ठोकलेली गाडी नीट दुरुस्त झाली तर चालते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण विक्रेत्याने मला 'एकदम अनटच' असं सांगितलं होतं.

मी त्याला फाटका तुकडा दाखवला. तो म्हणाला, ''सर, मीटर बदललं असेल हो आधीच्या मालकाने.'' असेलही. पण मीटर बदललं तर जुनं वाचन कुठेतरी लिहून ठेवतात, आणि तसा कागद नव्हता. मी नमस्कार करून निघालो.

दुसरी गाडी पुण्यात कोथरूडला होती. पांढरी आल्टो 800, मार्च 2013 ची बनावट, एप्रिल 2013 चं पासिंग, फर्स्ट ओनर, मीटरवर 96,412. जाहिरातीत हा आकडा बघून कोणी फोनच केला नव्हता, असं गाडीचे मालक काका म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे, मोतीबिंदूनंतर रात्रीचं चालवणं सोडलेलं. त्यांनी चहा ठेवला आणि आतून कापडी पिशवी आणली. पिशवीत सर्व्हिस बुक, अकरा वर्षांच्या पॉलिसी, पीयूसी, सगळी बिलं आणि निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही होती.

वहीत चार रकाने : तारीख, किलोमीटर, लिटर, दर. पाचव्या जागी कधीमधी एखादा शब्द. पहिली नोंद एप्रिल 2013 ची, शेवटची ऑक्टोबर 2023 ची. अक्षर एकच, सुरुवातीला टपोरं, शेवटी थोडं थरथरतं. शाई बदलत गेलेली.

अशी वही हातात आली की पहिला प्रश्न पडतो, ती त्या त्या दिवशी लिहिली, की विकायच्या वेळी एका बैठकीत? मालकाने स्वतः लिहिलेला कागद आहे; त्याच्यावर नुसत्या भल्या चेहऱ्याकडे बघून विश्वास ठेवता येत नाही. मी दराचा रकाना धरला. 16 जून 2017 पासून देशभर पेट्रोलचा भाव रोज बदलू लागला. त्याआधी तेल कंपन्या साधारण 1 आणि 16 तारखेला भाव बदलत. वहीत 2015 आणि 2016 मध्ये एकाच पंधरवड्यात दोनदा पेट्रोल भरलं असेल, तर दर पैशापर्यंत एकच आहे. जून 2017 च्या पुढे दोन लागोपाठच्या नोंदींचा दर सहसा जुळत नाही. आणि जुलै 2022 मध्ये राज्य सरकारने पेट्रोलवरचा कर लिटरमागे 5 रुपयांनी उतरवला, त्यानंतर भाव दीर्घकाळ गोठून राहिला. वहीत तिथून पुढे ओळीमागून ओळ तोच आकडा आहे. काकांना हे सगळं आठवून रचता आलं नसतं.

शब्दांचेही पुरावे मिळाले. 29 नोव्हेंबर 2016 च्या नोंदीपुढे 'जुन्या 500 च्या 3 नोटा' असं लिहिलेलं आहे. नोटबंदीनंतर पेट्रोल पंपांवर जुन्या पाचशेच्या नोटा 2 डिसेंबरपर्यंतच चालल्या. नोंद त्या मुदतीच्या आतली आहे. मार्च 2020 नंतर अडीच महिने एकही ओळ नाही. जूनमधल्या पुढच्या नोंदीत मीटर फक्त 38 किलोमीटरने पुढे सरकलेलं, आणि शेजारी 'बॅटरी उतरली' एवढंच. टाळेबंदीचा तो सगळा काळ त्या 38 किलोमीटरमध्ये आहे.

मग वही आणि सर्व्हिसची बिलं शेजारी ठेवली. 40 हजारांच्या सर्व्हिसचं बिल ऑगस्ट 2017 चं, वाचन 40,118. वहीत त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची नोंद पाहिली. बिलातला आकडा बरोबर त्यांच्या मध्ये पडतो. दहाही सर्व्हिसची बिलं अशीच तपासली. एकही उलटं गेलं नाही. शेवटी डिकीतली स्टेपनी काढली. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनीवर 0713 होतं, म्हणजे 2013 चा सातवा आठवडा, फेब्रुवारी. मार्चमध्ये बनलेल्या गाडीला तो कारखान्यातूनच आलेला. चालते चारही टायर 2019 च्या बिलावर खरेदी केलेले आणि त्यांच्यावरची खूण त्याच वर्षाची. मेळ बसला.

आता ॲव्हरेज. काका दर वेळी टाकी फुल करत, पहिल्यांदा पंपाचं नोझल आपोआप बंद झालं की थांबत. हिशेब मग सोपा आहे : दोन फुल टाक्यांमधलं अंतर भागिले दुसऱ्या वेळी मावलेलं पेट्रोल. ऑक्टोबर 2017 मधल्या दोन ओळी इथे देतो. 41,206 वरून 41,718, म्हणजे 512 किलोमीटर, पेट्रोल 27.4 लिटर, लिटरला 18.7. हे पुण्यातलं, सिग्नल-सिग्नलचं. लगेच पुढची ओळ 42,290, म्हणजे 572 किलोमीटर, पेट्रोल 26.6 लिटर, लिटरला 21.5. शेजारी शब्द 'दिवाळी, कोल्हापूर'. एकच गाडी, एकच चालक, एकच महिना, आणि फरक जवळपास तीन किलोमीटरचा. 'गाडी किती देते?' या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर का नसतं, ते या दोन ओळींत दिसतं.

वहीची दोन पानं पावसाने भिजून वाचता येईनाशी झाली आहेत. तेवढे 1,900 किलोमीटर वगळून मी सगळी बेरीज केली : 93,400 किलोमीटरला 5,050 लिटर. लिटरला साडेअठरा.

कंपनीने या मॉडेलसाठी जाहीर केलेला आकडा 22.74 होता. गाडी ऑक्टोबर 2012 मध्ये बाजारात आली तेव्हा जाहिरातीत तोच झळकत होता. काकांची वही त्याच्या खाली पाचव्या हिश्शाने राहते. मग कंपनी खोटं बोलली का? नाही. तो आकडा कसा निघतो हे पाहिलं की तसा आरोप करवत नाही. पुण्यातच, काकांच्या घरापासून फार लांब नाही अशा वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे, 1966 पासून. चाचणीत गाडी रस्त्यावर जात नाही. तिची चाकं रोलरवर फिरतात आणि गाडी जागेवर उभी असते. ठरवून दिलेली चाल 1,180 सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. पहिल्या भागात शहरासारखं थांबत-निघत 195 सेकंदांचे चार फेरे, ताशी 50 च्या आत. मग 400 सेकंद हायवेसारखे, आणि तेही ताशी 90 च्या वर जायचं नाही. एसी बंद. पेट्रोल किती जळलं ते टाकीवरून मोजत नाहीत. धूर पिशव्यांत गोळा करून त्यातल्या कार्बनवरून काढतात. खड्डा नाही, घाट नाही, मागे चौघं नाहीत, मे महिन्यातला एसी नाही. हा आकडा दोन मॉडेलांची तुलना करायला चांगला. आपल्या घरापासून ऑफिसपर्यंतचं पेट्रोल त्याच्यावरून मोजू नये.

डिझेलचाही विचार केला होता, पण फार वेळ नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलवरचं नियंत्रण उठलं आणि दोन्ही इंधनांच्या भावातलं मोठं अंतर पुढे कमी होत गेलं. जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते, पण इंजेक्टर किंवा टर्बो गेला की वाचलेले पैसे एका बिलात जातात. सीएनजी किट बाहेरून बसवलेली एक गाडीही पाहिली. किटची नोंद आरसीवर नव्हती, म्हणून सोडली.

नाशिकच्या माझ्या मिस्त्रीला मी काकांच्या गाडीचा फोटो आणि मीटरचं वाचन पाठवलं. तो फोनवर म्हणाला, ''शहाण्णव हजार? सर, वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर हे इंजिन अजून तेवढंच चालेल. बिलं आहेत ना? मग घ्या.'' बिलं होती. मी 1 लाख 70 हजारांना गाडी घेतली.

एक कागद मात्र पिशवीत नव्हता, आणि त्याने दीड महिना घेतला. काकांनी कर्ज 2018 मध्ये फेडलेलं, हप्त्यांच्या पावत्या व्यवस्थित. पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा राहून गेला होता. फॉर्म 35 आणि बँकेचं ना हरकत पत्र आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. त्यानंतर फॉर्म 29 आणि 30. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करायला अर्ज करायचा. पुष्कळ जण सह्या घेऊन फॉर्म खणात ठेवून देतात. तसं करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदवहीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी चार हात पुढे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. काकांना हे सांगितलं तेव्हा ते स्वतः माझ्याबरोबर बँकेत आले, दोनदा.

वही मी पुढे चालवली आहे. सिन्नरच्या वाटेवर पहिलं वर्ष लिटरला 19 च्या थोडं वर पडलं. घाट असला तरी सिग्नल कमी. त्यानंतर पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास आलं, आणि आकडा 18 च्या आसपास उतरला. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात, या मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असं म्हटलं होतं. माझी घट तेवढीच भरते. आपल्याच साखर कारखान्यांतून येणाऱ्या इथेनॉलबद्दल माझी तक्रार नाही, पण जुनी गाडी घेताना हे 6-7 टक्के आधीच हिशेबात धरावेत. आरसीची मुदत पासिंगपासून 15 वर्षं, म्हणजे माझ्या गाडीची एप्रिल 2028 पर्यंत. पुढे पाच-पाच वर्षांची नोंदणी वाढवून घ्यावी लागते आणि त्याची फी एप्रिल 2022 पासून बरीच वाढली आहे. तोही खर्च गाडीच्या किमतीतच मोजायचा.

गाडी आता 1 लाख 20 हजारांच्या पुढे गेली आहे. क्लच एकदा बदलला, सस्पेन्शनचं थोडं काम झालं, इंजिनला हात लावावा लागलेला नाही.

गाडी विकायला काढणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. सर्व्हिसची बिलं, जुन्या पॉलिसी, पेट्रोलची टिपणं असतील तर ती रद्दीत घालू नका. गाडीबरोबर, खणात, तशीच पुढच्या माणसाच्या हाती द्या.